कमीत कमी किती? हिशोबातली खालची हद्द



काही वर्षांपूर्वी एका दलालामार्फत आम्ही ग्रे कापडाचे चाळीस तागे घेतले. पन्ना 48 इंच, ताणा आणि बाणा दोन्ही 40 नंबरचे सूत, इंचात 72 धागे ताण्याचे आणि 72 बाण्याचे, असा सौदा होता. नमुना चोख होता. माल धुलाईला गेला, खळ निघाली आणि कापड जाळीसारखे विरविरीत झाले. गिऱ्हाइकाने परत पाठवले. भिंगाखाली मोजले तेव्हा ताण्याचे 64 आणि बाण्याचे 52च धागे निघाले.

वाईट याचे वाटते की भिंगाची गरजच नव्हती. 100 मीटरचा तागा काट्यावर 9 किलो भरत होता आणि ते वजन पावतीवर आमच्या डोळ्यांसमोर होते.

हिशोब असा. 48 इंच पन्न्यात इंचाला 72 म्हणजे ताण्याचे 3,456 धागे. एक मीटर कापडात ताण्याचे सूत 3,456 मीटर. बाण्याचा हिशोब केला तर तेही तेवढेच येते. एकूण 6,912 मीटर. 40 नंबरचे सूत किलोला सुमारे 67,700 मीटर भरते. भागाकार केला की मीटरला 102 ग्रॅम, 100 मीटरला 10.2 किलो. धागा विणीत वरखाली वळतो म्हणून सूत थोडे जास्त लागते, ते यात धरलेले नाही. खळही धरलेली नाही. म्हणजे खरे वजन याच्या वरच जायला हवे. सुताच्या नंबरात दोन-तीन टक्के फरक पडतो, तोही सोडून द्या. तरी 9 किलो कुठेच बसत नाही.

गणितात याला खालची मर्यादा म्हणतात. नेमके उत्तर ठाऊक नसतानाही 'याच्यापेक्षा कमी असूच शकत नाही' असे छातीठोक सांगता येते, तो आकडा.

मात्र तो एकाच बाजूची साक्ष देतो. तागा 10.2च्या खाली भरला तर सांगितलेल्यात काहीतरी खोटे आहे: नंबर, धागे, पन्ना किंवा मीटर. पण वर भरला म्हणून माल खरा ठरत नाही. खळ चोपडून वजन चढवणारे आपल्या धंद्यात कमी नाहीत! भावाची हद्द तर याहून कच्ची. सुताच्या किमतीपेक्षा स्वस्त माल दिसला तर चौकशी जरूर करावी, पण अडलेला माणूस तोटा खाऊनही विकतो. वजनाला तशी अडचण नसते.

दुसरा दाखला कापणीचा. 6 मीटरचे 10 तुकडे हवेत आणि तागे 20 मीटरचे आहेत. एकूण 60 मीटर, म्हणजे निदान 3 तागे लागणारच. हे खरे, पण 3 पुरतील असे कोणी सांगितले? एका ताग्यातून 6 मीटरचे तीनच तुकडे निघतात, 2 मीटरचे कटपीस उरते. तीन ताग्यांत नऊच तुकडे. विचार थोडा पुढे नेला की खालची हद्द 3वरून 4वर सरकते. आणि 4 ताग्यांत काम होते हे आपण कापून दाखवू शकतो. खालून 4, वरून 4. आता वाद उरला नाही.

गणितज्ञांनी वर्तुळाचा घेर असाच दोन्ही बाजूंनी दाबत आणला. वर्तुळाच्या आत षटकोन बसवला तर त्याचा घेर व्यासाच्या बरोबर तिप्पट होतो, म्हणजे वर्तुळाचा घेर तिपटीहून जास्तच. आर्किमिडीजने आत-बाहेर 96 बाजूंच्या आकृत्या घेतल्या. खालची हद्द निघाली 3 पूर्णांक 10/71 आणि वरची 3 पूर्णांक 1/7. शाळेत घोकलेले 22/7 म्हणजे हीच वरची हद्द!

पुढे समरकंदमध्ये, उलुगबेगाच्या पदरी असलेले गियासुद्दीन जमशेद अल-काशी यांनी 1424 साली 80,53,06,368 बाजूंची आकृती धरून हा आकडा दशांशाच्या 16 स्थळांपर्यंत आणला. त्यांच्यापुढे जायला जगाला पावणेदोनशे वर्षे लागली. एवढा खटाटोप कशासाठी? तर अख्ख्या विश्वाच्या घेराचा हिशोब मांडला तरी चूक घोड्याच्या एका केसाच्या जाडीइतकीही होऊ नये.