दार उघडायचे कोणी?

दक्षिणेचे दार म्हणून ज्या नगराची इतिहासात ख्याती, त्या बुऱ्हाणपुरात गेल्या पावसाळ्यात एका घराचे दारच उघडेना, हे पाहण्याचा योग आम्हांस आला. प्रसंग तसा लहान आहे. परंतु आपल्या किनाऱ्यावरील घराघरांतून आज जे घडत आहे, त्याचे प्रतिबिंब त्यात दिसल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तापीकाठच्या या गावात मराठी घरे पुष्कळ. त्यांपैकी एका सेवानिवृत्त शिक्षकांकडे आमचा मुक्काम होता. मोटार ठेवण्याच्या खोलीला त्यांच्या पुण्यातील चिरंजिवांनी विजेचे शटर बसवून दिले होते. हेतू चांगलाच होता : वडिलांना वाकून शटर उचलावे लागू नये. पहाटेची गाडी गाठण्यासाठी आम्ही निघालो आणि वीज गेली. शटर जागचे हलेना. शेजारचे दोघे आले, सर्वांनी मिळून जोर लावला, व्यर्थ. आमची गाडी चुकली, याचे दुःख नाही. परंतु त्या घरात दम्याने जर्जर झालेल्या वृद्ध मातोश्री होत्या आणि रात्री-अपरात्री त्यांना इस्पितळात नेण्याचे एकमेव वाहन त्या शटराआड होते, हे ध्यानी येताच यजमानांचा चेहरा उतरला.

सकाळी कारागीर आला. त्याने ना मोटार उघडली ना तारा तपासल्या. शटराच्या बाजूला सुताराने शोभेसाठी ठोकलेली प्लायवूडची फळी काढली. आत एक साखळी गुंडाळून बांधलेली होती. ती ओढताच शटर सावकाश वर गेले. वीज नसताना हाताने दार उघडण्याची सोय यंत्र बनवणाऱ्याने दिलेली होती. ती दिसायला बरी नाही म्हणून घर सजवणाऱ्याने झाकली होती आणि घरधन्याला तिचा पत्ताच नव्हता!

आपल्या पूर्वजांनी ही चूक केली नसती. वाड्याच्या भव्य दरवाजात ते एक लहानशी दिंडी ठेवीत. मोठा दरवाजा बंद असला तरी माणसाची ये-जा अडत नसे. याच बुऱ्हाणपुरात १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने आणि कूपांच्या मालिकेतून केवळ उताराच्या बळावर नगराकडे आणण्याची ती योजना. जुने ते सारे सोने असे आम्ही म्हणत नाही. वृद्धांच्या गुडघ्यांना आराम देणारी मोटार आम्हांस स्वागतार्हच वाटते. पण सोयीचा सगळा भार एकाच खुंटीला टांगू नये, एवढे शहाणपण त्या बांधकामांतून घेण्यासारखे आहे.

विजेने दार उघडण्याची कल्पनाही काही आजची नव्हे. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन या गृहस्थांनी १९२६ सालीच गॅरेजचे दार उघडणारे विद्युत्‌यंत्र तयार केले. मात्र या सोयीची किंमत तेथील काही मुलांनी प्राणांनी मोजली. खाली येणाऱ्या दाराखाली ती सापडली. अखेर १९९० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना संरक्षणाची व्यवस्था सक्तीची झाली : अडथळ्याला स्पर्श होताच दाराने दोन सेकंदांच्या आत उलटे फिरावे, आणि जमिनीलगत प्रकाशकिरणाचा पहारा किंवा तत्सम दुसरी संरक्षक सोय असावी. पुढे २०१७ च्या वणव्यांत कॅलिफोर्नियात वीज गेल्याने लोक गॅरेजची दारे उघडू न शकता अडकले. तेव्हा त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून अशा नव्या यंत्रांना बॅटरीची जोड सक्तीची केली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत होऊन गेल्यावर आलेले हे शहाणपण आपण मात्र फुकटात घेऊ शकतो.

आपल्या किनाऱ्यावर आज काय दिसते? आखातात किंवा मुंबईत नोकरीला असलेले मुलगे गावच्या आई-वडिलांसाठी सरकते फाटक वा शटर मोटारीवर बसवून देतात. दुकानदाराला विचारले जाते ते किमतीविषयी, रंगाविषयी आणि आता भ्रमणध्वनीवरून दार उघडते की नाही याविषयी. आमच्या मते, पहिले तीन प्रश्न वेगळे असावयास हवेत. वीज गेल्यावर घरातील सर्वांत अशक्त माणूस हे दार उघडू शकेल काय? खाली मूल आले तर दार थांबून मागे फिरेल काय? आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती करणारा माणूस व सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील काय? या तिन्हींचे उत्तर ‘होय’ असे मिळाले, तरच किमतीची घासाघीस करावी. सरकत्या फाटकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट : रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडसर हवा. रुळावरून सुटून फाटक अंगावर कोसळल्याचे अपघात आपल्याकडेही झाले आहेत.

दुरुस्तीविषयीही एक समज दृढ आहे. दार अडले की दोष मोटारीला. वास्तविक, स्प्रिंगने तोललेल्या दाराचे वजन स्प्रिंग पेलते, मोटार फक्त त्याला चालना देते. म्हणून आधी वीज बंद करावी, मोटारीची पकड सोडवावी आणि दार हाताने उचलून पाहावे. ते जड लागले, तर दोष तोलात किंवा रुळांत आहे. नवी मोटार आणली तरी तीही लवकरच जळेल. दार हलके चालत असेल, तर रिमोटमधील सेल आणि प्रकाशकिरणाच्या डोळ्यावरील धूळ आधी पाहावी. बुऱ्हाणपुरात यंत्रमागांच्या कापसाची पिंजण त्या डोळ्यावर बसते, आपल्याकडे कोळिष्टके आणि मुंग्या. खारी हवा स्क्रू व तारदोर गंजवते, म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी हवीच. परंतु ताणलेल्या स्प्रिंगला मात्र घरच्या माणसाने हात लावू नये. तिच्यात साठलेला जोर हाड मोडण्यास पुरेसा असतो. ते काम जाणकाराचेच.

हा खासगी घरांचा प्रश्न आहे, त्यात सार्वजनिक काय, असे कोणी म्हणेल. मूल फाटकाखाली सापडते तेव्हा ते खासगी राहत नाही. पालिका व पंचायती भोगवटा दाखला देताना पाण्याची टाकी आणि शौचकूप पाहतात. विजेच्या दाराला हाताने उघडण्याची सोय आहे की नाही, हे पाहण्यास त्यांना फारसे कष्ट पडू नयेत. विक्रेत्यांनीही दार बसवून दिल्यावर घरातील प्रत्येकाला ते एकदा हाताने उघडून दाखवण्याचा परिपाठ ठेवावा.

तोपर्यंत वाचकांना आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी घरातील मुख्य कळ बंद करा आणि आपले दार हाताने उघडून पाहा. आपल्याला उघडले, तर मग आजीला उघडू द्या. तिला ते जमले नाही, तर सोमवारी कारागिराला बोलवा. बुऱ्हाणपूरच्या आमच्या यजमानांनी ती फळी पुन्हा ठोकलेली नाही. साखळी आता उघड्यावर लोंबते, आणि ती कशी ओढायची हे मातोश्रींसह घरातील सर्वांना ठाऊक आहे.