मामा तलावांचा ताळेबंद

पर्यावरण बाजाराने सांभाळावे की सरकारने, हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गात संपत नाही. भंडारा जिल्ह्यात मात्र दोन्ही बाजूंचा प्रयोग करून झालेला आहे. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात तलावांवर खासगी मालकी होती, मग सरकारी आली. लिलाव झाले, ठेके झाले. निकाल पाहायला साकोली किंवा लाखांदूरकडच्या कुठल्याही जुन्या तलावाच्या पाळीवर उभे राहावे.

हे तलाव बांधले मुख्यतः कोहळी समाजाने. जंगल तोडून तलाव बांधेल त्याला जमीन, असे गोंड राजांचे धोरण होते, अशी परंपरा सांगते. साकोली तालुक्यातला शिवनीबांध त्याच परंपरेतला, आणि आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध कोलू पाटलाने बांधला असे सांगतात. उताराच्या जमिनीवर एकाखाली एक तलाव, वरच्याचा सांडवा वाहिला की खालचा भरतो, आणि धानाला ऐन ओढीच्या वेळी पाणी मिळते. इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात गावच्या पाटलांना मालगुजार करून मालकी दिली, तरी पाणी कुणाच्या बांधीला किती, हे वाजिब-उल-अर्ज या गावच्या चालीरीतींच्या नोंदीत लिहिलेले असे.

मालगुजाराचे गुणगान करण्याचे कारण नाही. पाळीवर माती टाकणारे हात पुष्कळदा बेगारीचे होते, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवराला मासळी मिळे ती मालकाच्या मर्जीने. पण पाळ फुटली तर मालगुजाराचेही धान बुडे. तो गावातच राहत होता, म्हणून दुरुस्ती वेळेवर होत होती. खासगी मालकीचे समर्थक सांगतात ते एवढ्यापुरते खरे आहे.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले; तेच माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदारी मोडणे न्यायाचेच होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चुकले ते पुढे. पूर्व विदर्भातले सात हजारांच्या घरातले तलाव एका झटक्यात अशा मालकाकडे गेले, जो गावात राहत नव्हता. निस्तारपत्रकात, म्हणजे गावच्या वहिवाटी हक्कांच्या नोंदीत, ज्या शेतांचे हक्काचे पाणी नोंदलेले होते, त्यांच्याकडून पाणीपट्टी घेणे अवघड. पट्टी नाही म्हणून दुरुस्तीला पैसा नाही. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. गाळ चढत गेला, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली, कडेकडेने बेशरमाची झुडपे माजली. फाईल एका खात्याकडे, मासळी दुसऱ्याकडे, जमीन महसुलाकडे. एकाच पाण्याचे इतके धनी झाले की राखणदार कुणीच उरला नाही.

मासळीच्या बाबतीत बाजार ढिवरांच्या सहकारी संस्थेच्या दारातून आत आला. ठेका संस्थेच्या नावाने, पण ठेक्याची रक्कम भरायची तर वजनदार मासळी हवी. मग कटला, रोहू, मृगळ यांचे बीज विकत आणून सोडायचे, जोडीला सायप्रिनस आणि गवत्या. गवत्या नावाप्रमाणे पाण्यातली वनस्पती फस्त करतो. मरळ, शिंगी, मागूर यांची अंडी आणि पिल्ले त्याच वनस्पतींच्या आडोशाला वाढतात. किलोचा भाव हिशेबात धरला गेला, आडोसा धरला गेला नाही.

याला उत्तर शोधले ते ढिवरांनीच. कार्यकर्ते मनीष राजनकर आणि सहकाऱ्यांच्या साथीने अर्जुनी मोरगाव भागात (१९९९ पर्यंत हा भंडाराच) काम उभे राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट उपटायची, उघड्या पडलेल्या काठावर नांगर फिरवायचा, आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले की बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून एकेक पाणवनस्पती हाताने चिखलात रोवायची. कुठली कुठे रुजेल, कुठल्या मासळीला कुठली लागते, हे ज्ञान त्या बायकांकडे होते. मासे परतले, पाणपक्षीही परतले. या ज्ञानाला कुठल्याही निविदेत रकाना नसतो. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा हेतू चांगला आहे. पण घनमीटरवर मोजलेले यंत्राचे खोदकाम उथळ काठ खरवडून नेते, आणि मासळीची वीण होते ती नेमकी त्याच काठावर.

वैनगंगेच्या रेतीची कथा तर बाजार आणि सरकार यांच्यातल्या झोक्याचीच आहे. आधी घाटांचे लिलाव. मग २०२३ मध्ये सरकारी डेपो, ब्रासला ६०० रुपये. मग २०२५ मध्ये पुन्हा लिलाव. दोन्ही पद्धतींत नदीकाठच्या गावाला रात्री चाललेला ट्रॅक्टर थांबवण्याचा अधिकार नव्हता. आणि पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दचे काय? २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या धरणाच्या फुगवट्यात नागपूरचे सांडपाणी येऊन थांबते. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि तुंबलेले पाणी भंडारा शहराच्या दिशेने मागे सरकते. घाण नागपूरची आणि तोंड भंडाऱ्याचे. त्या घाणीची किंमत नागपूरकराच्या बिलात नाही.

बाजाराचा उपाय कधीच चालत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने सल्फर डायऑक्साइडचे परवाने विकायला-घ्यायला मोकळीक दिली आणि आम्लपाऊस घटला. सुरतेत २०१९ पासून कारखान्यांच्या धुराचा असाच बाजार चालतो. पण तिथे चिमणीवर यंत्र बसवून सरकार सतत मोजते. तलावात मोजायचे काय? धान, मासळी, कमळकंद, गुरांचे पाणी, शेजारच्या विहिरींची पातळी हे सगळे एकाच पाण्यात आहे, आणि त्यातले एक विकले की दुसरे तुटते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी. वापरणाऱ्यांनी नियम केले, आपसात राखण ठेवली आणि सरकारने त्या नियमांना मान्यता दिली, तर साधन टिकते, हे त्यांनी जगभरातल्या उदाहरणांनी दाखवले. आपल्याकडे कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. पण तो वनजमिनीपुरता; महसुली जमिनीवरच्या मामा तलावांना तसे संरक्षण नाही.

म्हणून मला सरकारकडे मागायचे आहे ते असे. मासळीचा ठेका दीर्घ मुदतीचा द्या, म्हणजे रोवलेली वनस्पती ढिवरांना स्वतः वाढलेली पाहता येईल. ठेक्याची रक्कम तलावाच्या दुरुस्तीलाच राखून ठेवा. बीज कुठले सोडायचे आणि गाळ कुठून किती काढायचा, हे ठरवताना ढिवर संस्थेची आणि लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची लेखी संमती बंधनकारक करा. संस्थेच्या सभासद यादीत नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव घाला, कारण चिखलात उतरून काम तिने केले आहे.