डोळ्यांना दिसते, हाताला सापडत नाही

समोरचा पाण्याचा पेला उचलण्यात अवघड ते काय, असे कोणालाही वाटेल. डोळ्यांनी पेला पाहिला, मेंदूने ओळखला आणि हाताला हुकूम सोडला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांनी मात्र ही समजूत खोटी ठरवली आहे.

हंगेरीतील डॉक्टर रेझो बालिंट यांनी १९०९ मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला वस्तू दिसे, तिचे नावही सांगता येई; पण उजवा हात ती घ्यायला गेला की नेम चुके. सिगारेट तो टोकाऐवजी मध्येच पेटवी. एका वेळी एकाच वस्तूकडे त्याचे लक्ष जाई. शेजारी दुसरे काही आहे याचा पत्ताच नसे. दोष हातात म्हणावा, तर स्वतःच्या अंगावरची जागा तोच हात बिनचूक दाखवी. मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पॅरायटल लोबला, म्हणजे वरच्या-मागच्या भागाला, इजा झाल्याचे आढळले. हात असा चुकण्याला आज ‘ऑप्टिक ॲटॅक्सिया’ म्हणतात.

याच्या नेमकी उलट अवस्था संशोधकांना ‘डी. एफ.’ या आद्याक्षरांनी परिचित असलेल्या महिलेची झाली. १९८८ मध्ये न्हाणीघरातील गॅस हीटरमुळे साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने तिच्या मेंदूला इजा झाली. (आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.) तिला रंग कळत, पृष्ठभागाचा पोत कळे; आकार मात्र ओळखता येईना. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिलनर यांनी तिच्यासमोर टपालपेटीसारखी एक फट ठेवली. फट उभी आहे, आडवी आहे की तिरपी, हे तिला सांगता येईना. परंतु हातातले कार्ड त्या फटीत टाकायला सांगताच ते अचूक कोनात वळले आणि आत गेले! वस्तू उचलतानाही तिची बोटे वस्तूच्या रुंदीप्रमाणे उघडत. वस्तू नजरेआड करून दोन सेकंद थांबवले, की हे कसब नाहीसे होई.

त्यावरून १९९२ मध्ये या दोघांनी सिद्धांत मांडला : मेंदूच्या मागील दृष्टिकेंद्रातून दोन मार्ग निघतात. खालचा, टेम्पोरल लोबकडे जाणारा मार्ग वस्तू काय आहे हे ओळखतो. वरचा, पॅरायटल लोबकडे जाणारा मार्ग हाताला त्या क्षणी दिशा देतो. ही विभागणी इतकी काटेकोर नसावी, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो गैर वाटत नाही; कारण नंतरच्या स्कॅनमध्ये डी. एफ. यांच्या वरच्या मार्गातही काही हानी दिसली.

पक्षाघातानंतर घरातल्या कोणाचा हात पेल्याशेजारी चाचपडू लागला, तर अनेकदा प्रथम चष्म्याच्या दुकानाची वाट धरली जाते. मात्र अक्षरांचा तक्ता वाचून घेऊन हा दोष सापडत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाला नजर समोर स्थिर ठेवायला सांगतात आणि कडेला धरलेली वस्तू घ्यायला लावतात. दोष असेल, तर हात तिथे चुकतो.