विद्यापीठीय सहकार्य, आंतरराष्ट्रीय

विद्यापीठीय सहकार्य, आंतरराष्ट्रीय : भिन्न देशांतील दोन वा अधिक विद्यापीठांनी वा उच्च शिक्षणसंस्थांनी अध्यापन, संशोधन व पदवीप्रदान यांसाठी जोडलेला संबंध. अध्यापक-विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, संयुक्त संशोधन-प्रकल्प, संयुक्त मार्गदर्शनाखालील पीएच.डी. आणि उभयमान्य अभ्यासक्रम ही त्याची प्रमुख रूपे होत. सामंजस्य-करारावर सह्या झाल्या की सहकार्य सुरू झाले, असा समज आढळतो. तो खरा नाही. करार हे इच्छेचे निवेदन असते. ते पार पाडणारे अध्यापक दोन्ही ठिकाणी नसतील, तर करार मुदत संपेपर्यंत कपाटात पडून राहतो.

महाराष्ट्रातील बोधप्रद उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आहे. सु. मं. कत्रे यांच्या संचालकत्वाखाली, रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने तेथे १९५४ पासून भाषाविज्ञानाचे वर्ग भरू लागले. जॉन गंपर्झ यांच्यासारखे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ या उपक्रमात शिकविण्यास आले, तर तरुण भारतीय अभ्यासक अमेरिकन विद्यापीठांत गेले. याच काळात अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहिला (१९५८); पुढे ते डेक्कन कॉलेजातच प्राध्यापक झाले. चार्ल्स फर्ग्युसन व गंपर्झ यांनी संपादिलेला दक्षिण आशियातील भाषिक वैविध्यावरील ग्रंथ १९६० मध्ये निघाला. अमेरिकन अभ्यासकांना येथे नवी सामग्री मिळाली, भारतीयांना नवी पद्धती मिळाली. प्रतिष्ठानाचे अनुदान संपल्यावरही डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञानाचे अध्यापन चालू राहिले, कारण तोवर येथील माणसे तयार झाली होती.

पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेस (स्थापना १९५८) युनेस्कोमार्फत सोव्हिएट रशियाचे साहाय्य लाभले. १९५६–७३ या काळात तेथील संस्थांमधून ५९ तज्ञ व १४ तंत्रज्ञ आले. भारतीय अध्यापकांसाठी २७ अधिछात्रवृत्त्याही मिळाल्या. यंत्रसामग्री कालांतराने जुनी झाली. अध्यापकांचे प्रशिक्षण अधिक टिकाऊ ठरले. याच संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाबरोबर २००८ मध्ये संशोधन अकादमी स्थापन केली. तीत विद्यार्थ्यास दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक असतात.

मराठवाड्यातील परिस्थिती निराळी आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले व १९९४ मध्ये त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडण्यात आले. निधी व प्रतिष्ठा यांबाबत पवईशी त्याची तुलना अप्रस्तुत होय. परंतु अजिंठा, वेरूळ, पैठण व दौलताबाद ही अभ्यासक्षेत्रे त्याच्या परिसरात आहेत. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याचा अनेक दशके अभ्यास केला, लेण्यांतच अभ्यासवर्ग घेतले आणि महायान काळातील लेणी मुख्यतः वाकाटक राजा हरिषेण याच्या कारकीर्दीत, अल्पकाळात खोदली गेली, असे मत मांडले. त्यांचा बहुखंडी ग्रंथ २००५ पासून लायडनच्या ब्रिल प्रकाशनाने काढला. हे कार्य मोठे असले, तरी ते एका विद्वानाच्या निष्ठेवर उभे होते. अशा संशोधनास संस्थात्मक करार जोडलेला असल्यास छायाचित्रे, मोजमापे व टिपणे यांची प्रत स्थानिक ग्रंथालयात ठेवण्याची आणि स्थानिक विद्यार्थ्यास सहसंशोधक म्हणून घेण्याची अट घालता येते. सामग्री ज्याच्या दाराशी आहे, त्या विद्यापीठाने ही अट आग्रहाने मागावी. केवळ वाटाडे व दुभाषे पुरविणे हे सहकार्य नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पदवीविषयक सहकार्याचे नियम घालून दिले. संयुक्त पदवीसाठी प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. जोड-अभ्यासक्रमात परदेशात मिळवावयाचे श्रेयांक ३० टक्क्यांहून अधिक नसतात व पदवी भारतीय संस्थाच देते. भारतीय संस्थेस नॅकचे किमान ३·०१ गुणांकन किंवा राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ-गटातील पहिल्या शंभरांत स्थान, अशा पात्रता ठरविल्या आहेत. परदेशातील एका सत्राचा खर्च कोणी सोसावयाचा, हे मात्र करारातच ठरवावे लागते. त्याचा उल्लेख नसल्यास शेतकरी व मजूर कुटुंबांतून आलेले विद्यार्थी आपोआप वगळले जातात, आणि मराठवाड्यात अशा विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. अल्पमुदतीच्या भेटी, परदेशी मार्गदर्शकाचे येथेच वास्तव्य आणि इंग्रजी लेखनाचे पूर्ववर्ग हे उपाय त्यामानाने कमी खर्चाचे असतात.