सदसद्विवेकाची किंमत कोणी मोजायची?

दापोली तालुक्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचा जन्मही मुरुडचाच, १८८२ चा.

रघुनाथराव डॉक्टर नव्हते. गणिताचे प्राध्यापक होते. तरीही वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रियांना उपाय सांगणे त्यांना कर्तव्य वाटले आणि १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. पुढे या कार्यापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सुटली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दंड झाला तो झालाच. ही सारी झळ रघुनाथरावांनी आणि पत्नी मालतीबाईंनी सोसली. सल्ल्यासाठी येणाऱ्या स्त्रीवर तिचा भार पडला नाही.

वैद्यकीय व्यवसायात सदसद्विवेकाचा दाखला बहुधा नकारासाठी दिला जातो. गर्भलिंग सांगण्यास नकार देणारा डॉक्टर स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडतो. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशात सर्वप्रथम, या चाचण्यांवर कायद्याने निर्बंध आणले. गर्भपातास नकार देण्याची गोष्ट मात्र निराळी. तेथे झळ लागते ती समोरच्या स्त्रीला. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्याने डॉक्टरला अशा नकाराची मुभा दिली. आपल्या १९७१ च्या कायद्यात तशी तरतूद नाही. उलट, वैद्यकीय आवश्यकता असताना केवळ धार्मिक कारणास्तव संततिनियमन वा गर्भपातास साहाय्य नाकारू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली बजावते. अपवाद एकच, डॉक्टरला स्वतःचे कौशल्य अपुरे वाटत असेल तर.

प्रत्यक्षात उघड नकार क्वचितच मिळतो. ‘नवऱ्याची सही आणा’, ‘घरच्यांना विचारून या’, असे सांगितले जाते. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास केवळ तिचीच संमती कायद्याला पुरते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये, अविवाहितेचाही हक्क मान्य करताना, अशा कायदाबाह्य अटी घालू नयेत असे डॉक्टरांना स्पष्ट सुनावले. खेड्यात दुसरा डॉक्टर गाठणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर विसाव्या आठवड्यानंतर एकाऐवजी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि तेही ठरावीक प्रकरणांतच चालते. सहीसाठी परत पाठवलेल्या स्त्रीचे आठवडे थांबून राहत नाहीत.