ब्लॉक मिळणार की नाही?

शनिवारच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट ठरलेली असते. माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाउन मार्गिका, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. मध्य रेल्वेवर तिचं नाव मेगाब्लॉक, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. मुंबईकर ती वाचून रविवारचे बेत बदलतो, बारशाला उशिरा पोहोचतो आणि रेल्वेच्या नावानं बोटं मोडतो. त्या पाच तासांत तिकडे नेमकं काय चालतं, याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

रेल्वेमार्गाच्या देखभालीचा विषय निघाला की बोलणं पैशावर येतं, नाहीतर रिकाम्या पदांवर. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण या कामाला सर्वांत आधी लागतो तो वेळ, म्हणजे रुळावर गाडी नाही असा वेळ, रेल्वेच्या भाषेत ब्लॉक, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त ओढाताण आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा रूळ बाकीचा दिवस मोकळाच होता. आज मुंबईत शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर सुटते आणि चारच्या सुमाराला पहिली निघते. रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर यांची सगळी कामं मधल्या फटीत बसवायची. ती बसत नाहीत, म्हणून रविवार.

रूळ ही स्थिर, निर्जीव वस्तू आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो सतत हलत असतो. काँक्रीटचे स्लीपर एका किलोमीटरला १६६०, प्रत्येक स्लीपरवर रूळ पकडून ठेवणाऱ्या चार क्लिपा, म्हणजे किलोमीटरला साडेसहा हजारांच्या वर क्लिपा झाल्या. त्यांवर नजर ठेवतो तो कीमन. त्याची रोजची हद्द पाच-सहा किलोमीटरची. खांद्यावर हातोडा-पान्याची पिशवी, जवळ लाल-हिरवे झेंडे आणि धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. सैल झालेली क्लिप तो ठोकून बसवत जातो, तडा गेलाय का ते नजरेनं शोधत जातो. पूर्वी डब्यांतल्या शौचालयांची घाण थेट रुळावर पडायची आणि क्लिपा गंजायच्या. जैवशौचालयं आल्यावर कीमनची त्या नरकातून बरीचशी सुटका झाली. रेल्वेतल्या सुधारणांचा गाजावाजा होतो त्यात ही सुधारणा फारशी ऐकू येत नाही, पण माझ्या मते ती बऱ्याच वातानुकूलित थाटमाटापेक्षा मोलाची.

जुन्या माणसांना आठवणारी खडखड-खडखड लय आता ऐकू येत नाही, कारण रूळ एकमेकांना जोडून किलोमीटरच्या किलोमीटर सलग केलेले असतात. मग उन्हात ते वाढत कसे नाहीत? मोकळा सोडला तर एक किलोमीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकानं जवळपास ४६ सेंटीमीटर लांब होईल. त्याला स्लीपर, क्लिपा आणि खडी मिळून वाढू देत नाहीत, म्हणून ती वाढ ताण होऊन पोलादात दबून राहते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात प्रत्येक अंशामागे जवळजवळ दोन टन. भुसावळ-अकोल्याकडे मे महिन्यात हवेचं तापमान ४५ ला टेकतं तेव्हा रूळ त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. खडी कमी पडली किंवा नुकतीच उपसलेली असली की तो बाजूला सापासारखा वळतो. म्हणून दुपारी उन्हाळी गस्त घालावी लागते, आणि म्हणूनच रूळ ठरावीक तापमानापलीकडे तापला की खडीला हात लावायचा नाही असा नियम आहे. थंडीच्या पहाटे उलटा धोका असतो. तेव्हा रूळ आखडतो, आणि जुना जोड दुबळा असेल तर तुटतो. म्हणजे गाड्यांनी न खाल्लेल्या वेळातला बराचसा भाग ऊन, थंडी आणि पाऊस खातात.

रुळांचा हा जोड कसा लावतात ते पाहिलं की ब्लॉकचं गणित कळतं. दोन रुळांच्या टोकांत बोटभर, सुमारे २५ मिलिमीटरची फट ठेवायची. पट्टी लावून दोन्ही टोकं एका रेषेत आणायची. भोवती साचा बसवायचा, फटी मातीनं लिंपायच्या आणि टोकं लालभडक होईपर्यंत तापवायची. वर मुशीत अ‍ॅल्युमिनिअम आणि लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी असते. ती पेटवली की दोन हजार अंशांच्या वर भडका उडतो, काही सेकंदांत खाली पोलाद आणि वर मळी अशी फाळणी होते आणि पांढराशुभ्र रस साच्यात उतरतो. चार-पाच मिनिटं थांबायचं, साचा फोडायचा, लाल असतानाच वरचा फुगवटा कापायचा, मग घासून पृष्ठभाग सपाट करायचा. ओतल्यापासून किमान अर्धा तास त्यावरून गाडी जाऊ द्यायची नाही. सगळं धरून सव्वा तास तरी हवा. नियंत्रण कक्षातून "चाळीस मिनिटं देतो, आटपा" असं उत्तर आलं, तर जागेवरच्या अभियंत्यानं काय करायचं? काम उद्यावर टाकायचं, नाहीतर घाई करायची.

तिसराही एक मार्ग असतो, तो सगळ्यांत वाईट. १९ ऑगस्ट २०१७ ला उत्तर प्रदेशात खतौलीला उत्कल एक्स्प्रेस घसरली, वीसहून अधिक माणसं गेली. तिथे ब्लॉक न घेताच रुळाचं काम चाललं होतं. मागितला होता का, कोणी नाकारला, यावर नंतर बरंच चर्वितचर्वण झालं. २०२२ च्या अखेरीला संसदेत आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानं २०१७-१८ ते २०२०-२१ या काळातल्या गाडी घसरण्याच्या घटना तपासल्या. अभियांत्रिकी विभागाकडे बोट जाणाऱ्या ४२२ घटनांपैकी १७१ चं कारण मार्गाची देखभाल हे होतं. ब्लॉक मिळत नसल्यानं महागडी यंत्रं पडून राहतात, हेही त्याच अहवालात आहे. खडी ठासणारं अवाढव्य पिवळं यंत्र स्टेशनाच्या कडेला उभं दिसतं ना, ते नेहमी बिघडलेलं असतंच असं नाही. कित्येकदा त्याला फक्त जागा मिळालेली नसते.

किंमत मोजतात ती माणसं. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ चार ट्रॅकमन मरण पावले. त्यांना धडकली ती मेल नव्हती की मालगाडी नव्हती, ओव्हरहेड वायरची देखभाल करणारी टॉवर वॅगन होती. पुढच्या जानेवारीत वसईजवळ सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी लोकलखाली गेले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीनं २०१२ सालीच रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंवर कडक शब्दांत लिहिलं होतं, आणि रेल्वे मंडळापासून स्वतंत्र असं सुरक्षा प्राधिकरण मागितलं होतं. गाडी जवळ आल्याचा इशारा देणारं 'रक्षक' नावाचं उपकरण काही ठिकाणी रुळावर काम करणाऱ्या गँगच्या हाती आलं आहे. ते सगळीकडे का नाही, या प्रश्नाला मला तरी पटणारं उत्तर सापडलेलं नाही.

घाटात हिशेब आणखी कठीण होतो. १८६३ साली खुला झालेला बोरघाट ३७ मीटरला १ मीटर चढतो. त्याच्या बांधणीत हजारो मजूर मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं काम पुरं करवून घेतलं. आजही कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. वळणावर बाहेरचा रूळ झिजतो, उतारावर रूळ हळूहळू खाली सरकतो. दरड येते ती वेगळीच. २०१९ च्या पावसानं मंकी हिल-नागनाथ भागात एका मार्गिकेखालचा आधारच नेला आणि ती दीर्घकाळ बंद राहिली.

पण वेळेच्या बाबतीत खरा धडा दिला तो कोकण रेल्वेनं, आणि तो फार महागात पडला. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी पूर्ण झालेला हा मार्ग म्हणजे रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटर, नव्वदवर बोगदे आणि लाल जांभ्या मातीतून खोल कापून काढलेल्या खिंडी. बांधताना प्रकल्पाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या झपाट्याचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. मात्र पावसानं मुरलेला डोंगर झपाटा ओळखत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ सुट्टीची खास गाडी दरडीवर आदळली, पन्नासहून अधिक प्रवासी गेले. वर्षही पुरं झालं नव्हतं तोच, १६ जून २००४ ला, आंबवलीच्या पुलाजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस तशीच घसरली.

त्यानंतर जे केलं गेलं ते दिसायला साधं आहे. उभ्या कापलेल्या दरडी पायऱ्या पाडून आडव्या केल्या, कातळावर लोखंडी जाळ्या ताणल्या, खिळे ठोकून वर काँक्रीट मारलं. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक बसले. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आली. पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावर वारा मोजला जातो. दर पावसाळ्यात शेकडो माणसं रात्रंदिवस गस्त घालतात. आणि या सगळ्याच्या जोडीला स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक आलं. मुसळधार पावसात पुढचं नीट दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किलोमीटर. गणपतीला निघालेला चाकरमानी गाडी रखडते म्हणून कुरकुरतो, पण त्या वेळापत्रकातला वाढीव वेळ ही चूक नाही, तो जाणूनबुजून दिलेला आहे. जुलै २०२४ मध्ये खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड आली तेव्हा गाड्या एक दिवस अडकल्या, प्रवाशांचे हाल झाले, पण वैभववाडी पुन्हा घडलं नाही.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला २०२५ साली महाराष्ट्रानंही संमती दिली. दुपदरीकरणाला पैसा मिळेल, हा मुख्य मुद्दा. मिळो. पण जादा मार्गिका आली म्हणून पावसाळी वेळापत्रकावर गदा येऊ नये. २०२५ पासून त्याचा काळ आधीच थोडा आखडता घेतला आहे.

आणि वेळ, पैसा, लक्ष यांतलं काहीच दिलं नाही तर? विदर्भात बघावं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे एका ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीच्या मालकीची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. गाडी भारतीय रेल्वे चालवायची, मालकी दुसऱ्याची, आणि रुळाकडे कुणी बघायचं यावर घोळ. वेग कमी कमी होत गेला आणि शेवटी गाडीच थांबली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत 'रोलिंग ब्लॉक'ची तरतूद झाली. देखभालीचे ब्लॉक ५२ आठवडे आधीपर्यंत आखून ठेवायचे, सगळ्या विभागांनी तोच वेळ मिळून वापरायचा. कल्पना उत्तम आहे. ती पाळली जाते का, हे बाहेरून कळायला मात्र काही मार्ग नाही. किती गाड्या वेळेवर धावल्या हे रेल्वे टक्केवारीत सांगते. त्या आकड्याच्या शेजारी तिनं दुसराही छापावा : अभियंत्यांनी किती तासांचे ब्लॉक मागितले आणि त्यांतले प्रत्यक्ष किती मिळाले. मुंबई, पुणे, भुसावळ, सोलापूर, नागपूर या मध्य रेल्वेच्या पाच विभागांपासून सुरुवात करता येईल. प्रवासी संघटना दरवर्षी जादा गाड्यांची निवेदनं देतात. पुढच्या निवेदनात त्यांनी एवढी एक मागणी घालावी.