भूतलक्षी करकायदा आणि कंपन्यांची करजोखीम

कंपनीच्या करजोखमीचा विचार बहुधा कराच्या दरापासून सुरू होतो. वस्तुतः दर चढा असला तरी तो आधी ठाऊक असल्यास व्यवहाराच्या किमतीत त्याचा हिशेब धरता येतो. खरी जोखीम उद्भवते ती व्यवहाराच्या दिवशीचा नियमच मागाहून बदलल्यास. या दृष्टीने व्होडाफोन प्रकरण उद्बोधक आहे.

फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनच्या नेदरलँड्समधील उपकंपनीने हचिसन समूहाकडून केमन बेटांवर नोंदलेली एक कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. विक्रेता, खरेदीदार व विकलेली कंपनी ही तिन्ही परदेशी; परंतु त्या कंपनीमार्फत हचिसन-एस्सार या भारतीय दूरध्वनी कंपनीतील हितसंबंध हस्तांतरित होत होते. मूल्याचा उगम भारतात असल्याने विक्रेत्याचा भांडवली नफा येथे करपात्र ठरतो आणि खरेदीदाराने किंमत देताना करकपात करावयास हवी होती, ही आयकर खात्याची भूमिका होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये कंपनीची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी तो निर्णय फिरविला. कायद्यात नसलेले अप्रत्यक्ष हस्तांतरण त्यात अर्थ लावून घालता येत नाही, असे ठरले.

त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ९ ला १ एप्रिल १९६२ पासून लागू होणारे स्पष्टीकरण जोडले. भूतलक्षी कायद्यास संविधानाच्या अनुच्छेद २० ची मनाई आहे ती गुन्हा व शिक्षेपुरती. कर त्या कक्षेत येत नाही. संसदेस अधिकार होता. प्रश्न त्याच्या वापराचा होता. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने भारत-नेदरलँड्स गुंतवणूक कराराच्या आधारे कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. अखेर २०२१ च्या दुरुस्तीने २८ मे २०१२ पूर्वीच्या अशा व्यवहारांवरील मागण्या, दावे मागे घेण्याच्या अटीवर, रद्द होऊन वसूल रक्कम बिनव्याजी परत करण्याची तरतूद झाली. त्या तारखेनंतरच्या अप्रत्यक्ष हस्तांतरणांवरील कर मात्र कायम राहिला. म्हणजे खात्याचे तत्त्व टिकले, टिकला नाही तो त्याचा भूतलक्षी प्रभाव.

लक्षणीय बाब अशी की, २०१२ च्या त्याच अधिनियमाने आगाऊ किंमत-निर्धारण करारही आणले. त्यांद्वारे संबंधित कंपन्यांमधील व्यवहारांची किंमत ठरविण्याची पद्धत कमाल पाच वर्षांसाठी कंपनी व केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ यांना आधीच निश्चित करता येते. एकाच कायद्याने मागील व्यवहार अनिश्चित केले आणि पुढील व्यवहारांना निश्चितीचा मार्ग दिला. या दोहोंपैकी कोणत्या मार्गाने तंटे घटतात, याचे उत्तर पुढील नऊ वर्षांच्या इतिहासाने दिले आहे.